ध्वनिचित्रयुक्त स्लाइड-पाठ : तयारी आणि वर्गातील उपयोग

प्रास्ताविक

वस्तू समोर असली म्हणजे शब्द सोपा होतो, हा प्रत्येक शिक्षकाचा नित्याचा अनुभव आहे. कोमेनिअस या थोर शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी चित्रमय पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व होते. महाराष्ट्रातही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ केले. दिव्याच्या प्रकाशाने चित्र पडद्यावर उमटे आणि त्याच वेळी निवेदन, संवाद व गाणी म्हटली जात. चित्र डोळ्यांसाठी आणि शब्द कानांसाठी, अशी विभागणी त्या खेळात सहजच साधलेली होती.

आज संगणकावर ध्वनी व चित्रफीत जोडून स्लाइड तयार करणारा शिक्षक वस्तुतः तेच करीत असतो. फरक एवढाच, की निवेदकाचा आवाज आता स्लाइडमध्येच साठवून ठेवता येतो व हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा ऐकविता येतो. हा फरक लहान दिसला तरी खेड्यातील शाळेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. तो का मोलाचा आहे आणि त्याचा लाभ कोणत्या रीतीने करून घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खेड्यातील शाळेची अडचण

द्विशिक्षकी शाळेचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. एका शिक्षकाकडे दोन किंवा तीन इयत्ता असतात. तासिका चाळीस मिनिटांची धरली, तर दोन इयत्ता असताना प्रत्येकीच्या वाट्यास प्रत्यक्ष अध्यापनाची वीस मिनिटे येतात; तीन इयत्ता असताना तेरा मिनिटेच येतात. शिक्षक तिसरीला भागाकार समजावून देत असताना चौथीला काय करावयास सांगावे, हा प्रश्न रोजचाच असतो. पुष्कळदा "धडा वहीत उतरवून काढा" एवढेच सांगितले जाते. मुले उतरवितात, हात चालतो, परंतु बुद्धी चालतेच असे नाही. वर्षाच्या अखेरीस अशा उतरविण्यात गेलेल्या मिनिटांची बेरीज केली, तर ती मन उदास करणारी ठरते.

अशा वेळी शिक्षकाने स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलेला दहा मिनिटांचा स्लाइड-पाठ चौथीच्या गटापुढे ठेवता आला, तर त्या गटाला शिक्षकाची दहा मिनिटे अधिक मिळतात. मात्र येथेच एक मोठा धोका आहे. पाठ अखंड चालू राहिला, मुले नुसती पाहत व ऐकत बसली, तर उतरवून काढणे आणि पाहत बसणे यांत काही अंतर उरत नाही. एकीकडे हात चालत होता, दुसरीकडे डोळे चालतात, इतकेच. म्हणून स्लाइड-पाठाचे मोल त्यातील चित्रांच्या संख्येवरून किंवा रंगांवरून ठरवू नये. एक स्लाइड संपून दुसरी सुरू होईपर्यंत मूल काय करते, यावरून ते ठरवावे. पुढील सर्व सूचनांचे सार या एका वाक्यात आहे.

साधन कोणासाठी निर्माण झाले

'पॉवरपॉइंट' ही स्लाइड तयार करण्याची प्रणाली सर्वाधिक परिचयाची आहे. ती १९८७ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती विकत घेतली. तिची रचना मुख्यतः कचेऱ्यांतील व व्यापारी सभांतील प्रौढ माणसांसाठी झाली होती. सभेत बोलणारा उभा असतो, ऐकणाऱ्यांना विषयाची माहिती असते, आणि मुद्द्यांची यादी पडद्यावर असली म्हणजे त्यांना पुरते. यादीच्या प्रत्येक ओळीपुढे ठिपका देऊन लिहिण्याची सवय तेथूनच आली.

प्राथमिक शाळेतील मूल हे सभासद नव्हे. त्याला मुद्द्यांची यादी नको असते. त्याला वस्तू, कृती आणि प्रश्न हवे असतात. यास्तव प्रणाली उघडताच समोर येणारी शीर्षक व ठिपके यांची तयार चौकट बाजूला सारून कोरी स्लाइड घ्यावी, आणि ती फळ्यासारखी आपल्या गरजेप्रमाणे भरावी.

डोळा आणि कान यांची कामे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र व शब्द यांच्या संयोगाने होणाऱ्या अध्ययनावर अनेक प्रयोग केले आणि 'मल्टिमीडिया लर्निंग' हा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या निष्कर्षांपैकी तीन शिक्षकाने ध्यानी ठेवण्याजोगे आहेत.

पहिला असा, की चित्राचे स्पष्टीकरण पडद्यावर लिहून दाखविण्यापेक्षा बोलून सांगितले असता अधिक समजते. कारण लिहिलेला मजकूर वाचताना डोळा चित्रावरून हलतो, तर ऐकताना तो चित्रावर स्थिर राहतो. दुसरा असा, की जे बोलले जाते तेच शब्दशः पडद्यावर लिहिल्याने बहुधा लाभ होत नाही. तिसरा असा, की पाठाचे लहान भाग पाडून पुढे जाण्याचा वेग शिकणाऱ्याच्या हाती दिला, तर आकलन वाढते.

दुसऱ्या निष्कर्षास एक अपवाद मात्र प्राथमिक शाळेसाठी महत्त्वाचा आहे. जे मूल नुकतेच वाचू लागले आहे, किंवा ज्याच्या घरची बोली वेगळी आहे, त्याला नवा शब्द ऐकतानाच लिहिलेला दिसला तर उपयोगच होतो. म्हणून संपूर्ण वाक्ये लिहू नयेत. परंतु पाठातील नवे शब्द, दोन किंवा तीन, ठळक अक्षरांत अवश्य दाखवावेत.

याखेरीज थांबण्याचे महत्त्व वेगळे सांगितले पाहिजे. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, असे तिला आढळले. तीच वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढविली असता मुलांची उत्तरे अधिक लांब व विचारपूर्वक होतात, हेही तिने दाखविले. वर्गात शिक्षक मुलांचे चेहरे पाहून तरी थांबतो; ध्वनिमुद्रित आवाज कोणाचाही चेहरा पाहत नाही. म्हणून थांबण्याची जागा पाठ तयार करतानाच योजून ठेवावी लागते.

साहित्य

फार साहित्याची आवश्यकता नाही. स्लाइड तयार करण्याची प्रणाली असलेला एक संगणक, छायाचित्रे व आवाज घेण्यासाठी मोबाइल, आणि आवाज मागच्या मुलापर्यंत पोहोचविणारा एक लहान स्पीकर, एवढे पुरे. पॉवरपॉइंट उपलब्ध नसेल तर 'लिबरऑफिस इम्प्रेस' ही विनामूल्य प्रणाली वापरावी. प्रोजेक्टर किंवा मोठा दूरदर्शन संच असल्यास उत्तम. नसल्यास पाच-सहा मुलांचा गट एका लॅपटॉपभोवती बसवूनही पाठ चालतो. द्विशिक्षकी शाळेत तर लहान गटच अधिक सोयीचा, कारण आवाज कमी ठेवता येतो व शेजारच्या इयत्तेस त्रास होत नाही.

आखणी प्रथम कागदावर

संगणक सुरू करण्यापूर्वी पाठटाचणाच्या वहीत एक तक्ता आखावा. त्यात तीन रकाने असावेत : डोळ्यांना काय दिसेल, कानांना काय ऐकू येईल, आणि मूल काय करील. प्रत्येक स्लाइडसाठी एक आडवी ओळ भरावी. तिसरा रकाना लागोपाठ दोन ओळींत रिकामा राहिला, तर आखणी चुकली असे समजावे आणि त्या दोहोंतील एक स्लाइड काढून टाकावी किंवा तिच्यात कृती घालावी. दहा मिनिटांच्या पाठास सात-आठ स्लाइड पुरतात.

विषयाची निवडही विचारपूर्वक करावी. जी वस्तू शाळेच्या आवारात आहे तिचे चित्र पडद्यावर दाखवू नये. मुलांना आवारात न्यावे. जे फार सावकाश घडते, फार वेगाने घडते, फार दूर आहे, फार लहान आहे किंवा धोक्याचे आहे, त्यासाठीच पडद्याचा आश्रय घ्यावा.

नमुना पाठ : वाल व हरभरा कसे उगवतात

बीजांकुरण हा परिसर अभ्यासातील सोपा वाटणारा घटक आहे. परंतु अंकुरण्यास कित्येक दिवस लागतात आणि तासिका चाळीस मिनिटांची असते. रोज थोडे थोडे घडणारे एकत्र दाखविणे, हे स्लाइड-पाठाचे उचित काम होय.

दोन पारदर्शक पेले घ्यावेत. प्रत्येकात माती भरून काचेलगत दाणे लावावेत, म्हणजे ते बाहेरून दिसतील. एकात वाल, दुसऱ्यात हरभरा. पेले ठेवण्याच्या व मोबाइल ठेवण्याच्या जागी खडूने खुणा कराव्यात आणि दररोज परिपाठानंतर त्याच जागेवरून एक छायाचित्र घ्यावे. हे काम मुलांकडे सोपवावे. आठ-दहा दिवसांत छायाचित्रांची मालिका तयार होते. त्यावरून पुढीलप्रमाणे पाठ रचता येईल. पाठाच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हाती रात्रभर भिजविलेला वालाचा एक व हरभऱ्याचा एक दाणा द्यावा.

पहिली स्लाइड : तळहातावरील दोन दाण्यांचे छायाचित्र. आवाज : "तुमच्या हातातील दाण्यांची साल हलकेच काढा. आत किती भाग दिसतात ते मोजा." मुले साल काढतात व मोजतात.

दुसरी स्लाइड : पडद्यावर केवळ पेन्सिलीचे चित्र. आवाज नाही. मुले उघडलेल्या दाण्याचे चित्र वहीत काढतात. यास तीन मिनिटे द्यावीत.

तिसरी स्लाइड : पहिल्या चार दिवसांची छायाचित्रे ओळीने. आवाज : "दाण्यातून प्रथम काय बाहेर आले? ते वर गेले की खाली?" मुले जोडीदारास सांगतात. प्रथम मूळ निघते व ते खाली जाते, हे येथे त्यांच्याच तोंडून यावे.

चौथी स्लाइड : चौथ्या दिवसाचे छायाचित्र मोठे करून. आवाज : "आणखी काही दिवसांनी मातीच्या वर काय दिसेल? दोन्ही पेल्यांसाठी वहीत चित्र काढा. चूक होईल अशी भीती बाळगू नका." मुले अंदाजाची चित्रे काढतात.

पाचवी स्लाइड : उरलेल्या दिवसांची छायाचित्रे एकामागून एक, प्रत्येक दोन सेकंद, चित्रफितीच्या रूपाने. आवाज नाही. मुले आपला अंदाज पडताळून पाहतात.

सहावी स्लाइड : शेवटच्या दिवसाचे दोन्ही पेले शेजारी शेजारी, आणि 'बीजपत्र' हा एकच नवा शब्द. आवाज : "वालाच्या दाण्याची दोन जाड दळे मातीतून वर आली. त्यांना बीजपत्रे म्हणतात. मग हरभऱ्याची दोन दळे कोठे गेली?"

सातवी स्लाइड : कोरी. मुले पेल्यातील हरभऱ्याचे एक रोप माती बाजूला सारून पाहतात. दळे मातीतच आढळतात. वालाची बीजपत्रे रोपाबरोबर वर उचलली जातात, हरभऱ्याची मातीखालीच राहतात, हा भेद त्यांच्या हाताला व डोळ्याला एकाच वेळी कळतो.

आठवी स्लाइड : शेतातील पेरणीचे छायाचित्र. आवाज : "वालाच्या रोपाला आपली दळे उचलून वर आणावी लागतात. तर मग वाल खोल पेरावा की उथळ? घरी विचारून या व कारणही विचारा."

या पाठात बोलणे दोन-अडीच मिनिटांहून अधिक नाही. उरलेला सर्व वेळ मुलांचा आहे. शिक्षक या काळात शेजारी तिसरीस शिकवीत असला, तरी चौथीचा वर्ग त्याच्याच आवाजाने चाललेला असतो.

ध्वनिमुद्रण

चित्र थोडे अस्पष्ट असले तरी चालते, आवाज अस्पष्ट असून चालत नाही. ध्वनिमुद्रण शाळा सुटल्यावर, खिडक्या व पंखा बंद करून करावे. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूस धरावा. अगदी समोर धरल्यास श्वासाचा आवाज येतो. प्रत्येक स्लाइडचे निवेदन वेगळ्या फाइलमध्ये घ्यावे, म्हणजे एक चूक झाल्यास सर्व पुन्हा बोलावे लागत नाही. वर्गात बोलताना जसा स्वर असतो तसाच ठेवावा. वाचून दाखविल्यासारखा नसावा.

फाइलच्या आकाराकडेही लक्ष द्यावे. 'वेव्ह' प्रकारात, नेहमीच्या उच्च प्रतीत, एका बाजूचा म्हणजे 'मोनो' आवाज मिनिटास सुमारे पाच मेगाबाइट जागा घेतो. तोच 'एमपी-थ्री' प्रकारात सेकंदास ६४ किलोबिट या दराने साठविला तर मिनिटास अर्धा मेगाबाइटही लागत नाही, आणि बोलण्यासाठी ही प्रत पुरेशी असते. आवाज कापण्या-जोडण्यासाठी 'ऑडॅसिटी' ही विनामूल्य प्रणाली उपयोगी आहे.

आवाज व चित्रफीत जोडण्याची रीत

पॉवरपॉइंटमध्ये 'इन्सर्ट' या विभागात 'ऑडिओ' निवडावे. संगणकातील फाइल घेता येते, किंवा 'रेकॉर्ड ऑडिओ' निवडून तेथेच बोलता येते. स्लाइडवर ध्वनीचे लहान चिन्ह उमटते. त्यावर टिचकी मारल्यास 'प्लेबॅक' विभाग दिसतो. तेथे 'स्टार्ट' पुढे 'ऑटोमॅटिकली' निवडल्यास स्लाइड येताच आवाज सुरू होतो. 'ऑन क्लिक' निवडल्यास टिचकी मारल्यावर सुरू होतो. चिन्ह ठेवावे, लपवू नये. मुलांना निवेदन पुन्हा ऐकावयाचे झाल्यास ते उपयोगी पडते. इम्प्रेसमध्ये 'इन्सर्ट' यादीतील 'ऑडिओ ऑर व्हिडिओ' या पर्यायाने तयार फाइल जोडावी. आवृत्तीनुसार या शब्दांत थोडा फरक आढळेल.

पुढील स्लाइड आपोआप येऊ देऊ नये. 'ट्रान्झिशन्स' विभागात 'ऑन माउस क्लिक' ही खूण ठेवावी व 'आफ्टर' ही खूण काढून टाकावी. अशाने पाठ प्रत्येक स्लाइडपाशी थांबतो आणि सर्वांची कृती झाल्यावर गटप्रमुख मूल कळ दाबून पुढे जाते. गटप्रमुख आठवड्यागणिक बदलावा. एकच हुशार मूल नेहमी कळ दाबू लागले, तर इतर मुले त्याच्या वेगाने ओढली जातात.

चित्रफीत एक मिनिटाहून मोठी नसावी. मोबाइलवर उच्च प्रतीत घेतलेले एका मिनिटाचे चित्रण शंभर मेगाबाइटांहून अधिक जागा घेऊ शकते आणि जुना संगणक त्यापुढे अडखळतो. म्हणून 'ट्रिम व्हिडिओ' या पर्यायाने नको तो भाग दृष्टिआड करावा, आणि 'फाइल' विभागातील 'इन्फो' येथे 'कॉम्प्रेस मीडिया' हा पर्याय वापरून आकार कमी करावा. चित्रफीत 'एमपी-फोर' प्रकारची असल्यास बहुतेक यंत्रांवर चालते. चित्रणात आलेला गोंगाट 'म्यूट' करून त्यावर आपले निवेदन द्यावे, अथवा काहीच देऊ नये.

अक्षरे

मराठी मजकूर युनिकोड पद्धतीनेच टंकलिखित करावा. जुन्या पद्धतीच्या टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो टंक नसल्यास निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो, आणि ही अडचण नेमकी मुलांसमोर उद्भवते. अक्षरे ३२ बिंदूंहून लहान नसावीत. फिकट पार्श्वभूमीवर गडद अक्षरे असावीत. पाठ तयार झाल्यावर शिक्षकाने वर्गाच्या शेवटच्या रांगेत, मुलाच्या उंचीवर, खाली बसून पडद्याकडे पाहावे. तेथून मात्रा व अनुस्वार स्पष्ट दिसत नसतील तर अक्षरे वाढवावीत.

फाइल नेताना होणारी चूक

घरच्या संगणकावर उत्तम चाललेला पाठ शाळेतील संगणकावर मुका होतो, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचे कारण बहुधा असे असते, की स्लाइडमध्ये आवाज प्रत्यक्ष साठविलेला नसून केवळ त्याच्या जागेची नोंद असते. पॉवरपॉइंटच्या २०१० पूर्वीच्या आवृत्त्या चित्रफिती व मोठ्या ध्वनिफाइली अशा रीतीनेच जोडत. इम्प्रेसमध्येही फाइल निवडताना 'लिंक' ही खूण केली असल्यास तसेच घडते. यावर उपाय सोपा आहे. आरंभीच एक फोल्डर करावा, सर्व छायाचित्रे, आवाज व चित्रफिती त्यात ठेवाव्यात, स्लाइडची फाइलही त्यातच ठेवावी, आणि पेन ड्राइव्हवर नेताना संपूर्ण फोल्डर न्यावा. फाइलींची नावे लहान व रोमन लिपीत असावीत.

दूरदर्शन संचावर पेन ड्राइव्ह लावून दाखवावयाचे असेल, तर 'एक्स्पोर्ट' मधील 'क्रिएट अ व्हिडिओ' या पर्यायाने संपूर्ण पाठाची चित्रफीत करता येते. परंतु अशी चित्रफीत कळ दाबण्याची वाट पाहत नाही. म्हणून तीत कृतीच्या स्लाइडला दोन-तीन मिनिटांचा काळ नेमून द्यावा, किंवा गटप्रमुखास दूरनियंत्रकाने थांबविण्यास शिकवावे. हे केले नाही तर पाठातील थांबण्याच्या जागा नाहीशा होतात, आणि त्यांबरोबर पाठाचा प्राणही जातो.

घरच्या बोलीचा आवाज

ध्वनिमुद्रणाचा आणखी एक लाभ आहे व तो पाठ्यपुस्तकात किंवा बाहेरून आलेल्या तयार फितीत मिळणे कठीण असते. मेळघाटातील कोरकू, पालघरकडील वारली, नंदुरबारकडील भिली व पावरी, गडचिरोलीतील गोंडी किंवा खानदेशातील अहिराणी बोलणारे मूल पहिलीत येते, तेव्हा पुस्तकाची भाषा त्याला निम्मीच कळते. शिक्षकास ती बोली येत नसेल, तर गावातील एखादी आजी, शेतकरी किंवा मोठ्या वर्गातील मूल यांच्या आवाजात निवेदन घ्यावे. पडद्यावर नवा शब्द प्रमाण मराठीत आणि कानावर स्पष्टीकरण घरच्या बोलीत, असा पाठ मुलाला एका तीरावरून दुसऱ्या तीरावर नेणाऱ्या साकवासारखा होतो. ज्या आजीचा आवाज शाळेत ऐकू येतो, तिचे घरही शाळेकडे वेगळ्या दृष्टीने पाहू लागते.

दक्षता

उडत येणारी अक्षरे, टाळ्यांचा कडकडाट, पार्श्वसंगीत इत्यादी करामती प्रणालीत तयार असतात. त्यांचा मोह टाळावा. मुलांना त्या आवडतात, यात शंका नाही. परंतु पाठ संपल्यावर त्यांना टाळ्या आठवतात आणि बीजपत्र आठवत नाही.

दुसऱ्याचे चित्र किंवा चित्रफीत घेताना प्रताधिकाराचे भान असावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने अध्यापनाच्या ओघात शिक्षकास काही मुभा दिलेली आहे. तथापि तो पाठ सार्वजनिक रीत्या प्रसृत करणे ही वेगळी गोष्ट आहे. स्वतः काढलेली छायाचित्रे वापरल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही, शिवाय मुलांना आपलेच शिवार पडद्यावर दिसते. मुलांचे चेहरे दिसणारे चित्रण पालकांच्या संमतीवाचून घेऊ नये व बाहेर पाठवू नये.

पाठ आदल्या दिवशी त्याच यंत्रावर, इंटरनेट बंद ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून पाहावा. वीज जाईल हे गृहीत धरावे. तीन रकान्यांचा कागद जवळ असला म्हणजे पडदा अंधारला तरी पाठ थांबत नाही; दाणे मुलांच्या हातात असतातच.

परीक्षण

पाठ चांगला झाला की नाही हे मुलांच्या आनंदी चेहऱ्यांवरून ठरवू नये. आठवड्याने, संगणक न उघडता, मुगाचे काही दाणे मुलांच्या हाती द्यावेत व विचारावे : "यांची बीजपत्रे वर येतील की खालीच राहतील? तुम्ही हे कसे शोधून काढाल?" जे मूल "पेल्यात लावून पाहू" असे म्हणेल, त्याला पाठ पोहोचला. जे मूल केवळ पडद्यावरील चित्राचे वर्णन करील, त्याच्यासाठी पाठातील कोणत्या स्लाइडपाशी कृती कमी पडली ते तक्ता काढून पाहावे आणि दुरुस्ती करावी. एकदा तयार केलेला पाठ वर्षानुवर्षे तसाच ठेवू नये. दर वर्षी एक स्लाइड कमी करता आली, तर पाठ सुधारतो.

समारोप

खडू-फळा, तक्ते, नकाशे, रेडिओ, दूरदर्शन ही सर्व साधने एकेका काळी नवी होती. त्यांपैकी जी शिक्षकाच्या हातात राहिली ती उपयोगी ठरली. ज्यांनी शिक्षकाला बाजूस बसविले ती कपाटात गेली. ध्वनिचित्रयुक्त स्लाइडचेही तसेच होईल. दोन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला तिच्या साहाय्याने आपला आवाज दोन ठिकाणी ठेवता येतो, हे तिचे सामर्थ्य. परंतु मुलाचा आवाज मात्र ती काढू शकत नाही. तो ऐकण्यासाठी स्लाइड थांबवावी लागते, आणि ती कोठे थांबवावयाची हे ठरविण्याचे काम शिक्षकाचेच आहे.